फ्युचुरा: भूमिती आणि अक्षर

जर्मन अक्षररचनाकार पाउल रेनर यांनी घडविलेले आणि फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने १९२७ साली खिळ्यांच्या रूपाने छापखान्यांच्या हवाली केलेले ‘फ्युचुरा’ हे रोमन लिपीचे वळण वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषा यांवर उभे असून, अक्षरांच्या टोकांना पूर्वापार असणारे बारीक पाय त्याला नाहीत. तथापि केवळ कंपासपट्टीने सौंदर्य साधत नाही. लहान ‘बी’ची वाटोळी रेषा उभ्या दांड्याला मिळते तेथे ती हळूच बारीक केलेली आहे, अन्यथा तो सांधा डोळ्यांना काळवंडलेला दिसला असता. मथळे, जाहिराती व पाट्या यांत रुळलेले हेच वळण १९६९ साली ‘अपोलो ११’ने चंद्रावर ठेवलेल्या फलकावरही कोरले गेले. भूमितीने नेत्रांचा न्याय मान्य केला, म्हणूनच हे अक्षर टिकले.