गरुडाचें चित्र आणि त्यानें दिलेलें वचन

परभणी जिल्ह्याची ही भूमि एके काळीं राष्ट्रकूटांच्या आणि पुढें देवगिरीच्या यादवांच्या अमलाखालीं होती. या दोन्ही घराण्यांनीं गरुडाला आपलें राजचिन्ह मानलें. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांना जोडलेल्या मुद्रेवर गरुड दिसतो. यादवांच्या ध्वजावर सुवर्णगरुड झळकत असे. परंतु ती मुद्रा सामान्य कुणब्याच्या हातीं कशाची पडणार? त्यानें गरुड पाहावा तो राजाच्या निशाणावर किंवा देवळांत. त्याच्या घराच्या भिंतीवर गरुड आला तो एकोणिसाव्या शतकांत, छापखान्याच्या वाटेनें.

त्याच शतकांत सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंतही एक गरुड घरोघर शिरत होता. दोघांची वाट एकच असल्यामुळें दोघांचा वृत्तान्त एकत्र ऐकण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रसभेनें २० जून १७८२ रोजीं आपली महामुद्रा मुक्रर केली. तींत पांढऱ्या मस्तकाचा गरुड पंख पसरून उभा आहे. एका पंजांत ऑलिव्हची डहाळी आणि दुसऱ्यांत १३ बाण. मूळचीं संस्थानें १३, म्हणून बाणही १३. पुढें शिळाछापाची कला आली. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनें चित्र काढावें, दगड ओला करावा, वर शाईचा रूळ फिरवावा. पाणी व तेल यांचें वैर असल्यामुळें शाई केवळ रेघांनाच धरते. या युक्तीनें एका चित्राच्या हजारों प्रती निघूं लागल्या. न्यूयॉर्कच्या करियर आणि आइव्हज या पेढीसारख्या छापखान्यांनीं स्वस्त रंगीत चित्रांनीं अमेरिकेंतील घरांच्या भिंती भरून टाकल्या, आणि ढालीवर किंवा निशाणाजवळ बसलेला गरुड हा त्या काळच्या चित्रांचा नित्याचा विषय झाला.

छायाचित्राची कला आल्यावर तर प्रत्यक्ष पक्षीच यंत्रासमोर बसला. १८६१ सालीं तेथें यादवी युद्ध पेटलें, तेव्हां विस्कॉन्सिन संस्थानच्या आठव्या पलटणीनें एक गरुड पाळला. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या नांवावरून त्याला ‘ओल्ड एब’ म्हणत. निशाणाच्या शेजारीं, काठीवरच्या बैठकीवर बसून तो १८६४ पर्यंत पलटणीबरोबर रणांगणांत हिंडला. त्याचीं छायाचित्रें विकून जखमी शिपायांच्या मदतीसाठीं पैसा उभारण्यांत आला. १८८१ सालीं तो मरण पावला.

आतां एक प्रश्न. हा गरुड स्वातंत्र्याचें प्रतीक म्हणून मिरवत होता. मग त्याच्या छायेखालीं सर्वच स्वतंत्र होते काय? १८६० च्या खानेसुमारींत त्या देशांत सुमारें ३९ लक्ष माणसें गुलाम म्हणून नोंदलेलीं आहेत. १८६५ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. म्हणजे मुद्रेवरील गरुडानें दिलेलें वचन कायद्यांत उतरावयास ८३ वर्षें लागलीं.

दुसऱ्यांचे दोष मोजून थांबणें मात्र बरें नव्हे. आपल्याकडे राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईजवळ घाटकोपर येथें निघाला आणि १८९९ सालीं लोणावळ्याजवळील मळवली येथें गेला. तेथील चित्रांत गरुडारूढ विष्णूचें चित्र फार लोकप्रिय झालें. देवीसह बसलेला भगवान, आणि खालीं मनुष्यदेहाचा, विशाल पंखांचा गरुड. अमेरिकेचा गरुड एकटा उभा राहतो. आपला गरुड दुसऱ्याला पाठीवर घेऊन उडतो. त्याचें मोठेपण वाहण्यांत आहे. आणि विकत घेणाऱ्याला हें चित्र जात विचारीत नव्हतें.

देऊळ मात्र विचारीत होतें. पंढरीच्या मंडपांत गरुडखांब आहे. वारकरी त्याला कवटाळून मग विठ्ठलाकडे जातो. गोदातीरींच्या गंगाखेडची जनाबाई त्याच विठ्ठलाची दासी. परंतु चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेरच आहे, आणि त्यांच्यामागून आलेल्या पिढ्यांनाही दाराबाहेरूनच हात जोडावे लागले. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण केलें, आणि मग तें द्वार सर्वांना खुलें झालें. छापलेला गरुड ज्या घरांत केव्हांच जाऊं शकत होता, त्या घरांतील माणसाला गरुडखांबापाशीं पोहोंचावयास आणखी अर्धें शतक जावें लागलें.

महाभारताच्या आदिपर्वांत गरुडाचें पहिलें मोठें कृत्य कोणतें सांगितलें आहे? त्याची माता विनता ही कद्रूची दासी झाली होती. तिला सोडविण्यासाठीं त्यानें स्वर्गांतून अमृत आणलें, आणि त्यांतला एक थेंबही स्वतः चाखला नाहीं. विष्णूचें वाहन होण्याचा मान त्याला लाभला तो याच प्रसंगांत.

गरुडाची तसबीर भिंतीवर टांगावयास एक खिळा पुरतो. जुन्या तसबिरीवरची धूळ पुसतांना मात्र प्रत्येक गृहस्थानें इतकें अवश्य पाहावें कीं, आपल्या दाराबाहेर अजून कोणी विनता उभी तर नाहीं ना.