भास म्हणण्याआधी आवाज शोधा



बायपोलर म्हणजे काय, उन्माद कशाला म्हणायचं नि नैराश्य कशाला, हे परवा डॉक्टरांनी इथेच सविस्तर सांगितलंय. मी त्यात शिरत नाही. मला तो आजार आहे, लिथियम चालू आहे आणि आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. अशा माणसानं ‘आवाज सहन होत नाही’ म्हटलं, तर ‘भास होतायत’ म्हणण्याआधी तो आवाज शोधा.

भासात नसलेला आवाज ऐकू येतो. आमच्या तक्रारीतला आवाज असतोच. तुमच्या तो खिजगणतीत नसतो, आमच्या अंगावर येतो. ताटलीवर घासलेला चमचा, कुकरची शिट्टी... आणि हो, हा माइक. (हशा) प्रखर दिव्याचं, टोचणाऱ्या लोकरीचंही तेच. बायपोलरच्या निदानाच्या निकषांत याचा उल्लेख नाही. २०१३च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत संवेदनांची ही तीव्रता आली ती स्वमग्नतेच्या निकषांत. त्यामुळे आम्ही सांगितलं की ते स्वभावाच्या खात्यावर जमा होतं. ‘फारच नाजूक बाई!’

आमच्या बैठकीच्या खोलीतली गोष्ट सांगते, थोडक्यात. ट्यूबलाइट लावली की मला गुणगुण ऐकू यायची. सासूबाई म्हणाल्या, नाही बाई. दीर म्हणाले, वहिनी, गोळ्या घेताय ना? जाऊबाईंनी हळूच माझ्या माहेरी फोन केला. संध्याकाळी भाऊ हजर! मग चहा झाला, पोहे झाले, सगळे त्या ट्यूबखाली बसून माझ्याकडे बघतायत. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो स्टुलावर चढला, कान लावला आणि म्हणाला, “ताई, चोक खराब आहे.” इतकं गोड वाक्य मला आयुष्यात कुणी ऐकवलेलं नाही, आमचे हे समोर बसलेत तरी सांगते. (हशा)

हसा, पण त्या संध्याकाळी माझा डोस वाढवायची चर्चा झाली होती. चोक बदलून भागलं.

आता दुसरी बाजू. माझे कान मनाच्या आधी बदलतात. झोप उडायला लागली की आवाजांना धार चढते. आणि झोप मोडणं हे उन्मादाला निमंत्रण ठरू शकतं. म्हणजे आवाजानं झोप मोडते, मोडलेल्या झोपेनं आवाज आणखी बोचतो. हे चक्र घरच्यांना दिसलं, तर डॉक्टरांकडे वेळेत जाता येतं.

मागून कुणीतरी ‘गणपती’ म्हणालं. मला ठाऊकच होतं! अहो, मी उत्सवाविरुद्ध नाही. शाळेत लेझीम खेळलेय. पण २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ नि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल १०नं वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. माझ्यासारखीला मखरात बसवण्यासाठी तो नियम केलेला नाही; तो तुमच्याही झोपेसाठी आहे.

‘कानात बोळे घाला की’ असंही सांगतात. मिरवणुकीत जरूर घालावेत. पण दिवसभर बोळे घालून बसलं, तर कान शांततेला सरावतो आणि साधा आवाजही जास्त टोचू लागतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत, म्हणजे दोनच असणार. प्रकाशाबद्दल बोलायचं राहिलं, ते राहू द्या. लिथियम घेणाऱ्यांनी या उकाड्याच्या दिवसांत पाणी कमी पडू देऊ नये, शरीर सुकलं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं; आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये. बाकीच्यांना एवढंच सांगते. घरातलं माणूस आवाजाबद्दल कुरकुरलं, तर दोन प्रश्न विचारा: ‘कुठून येतोय?’ आणि ‘काल झोपलीस का?’ पहिल्याचं उत्तर इलेक्ट्रिशियनकडे असेल, दुसऱ्याचं डॉक्टरांकडे. फोन कुणाला करायचा, हे विचारल्यावर ठरवा. माझ्या माहेरी मात्र नको. (हशा, टाळ्या)