माणसांत वावरणारे यंत्र

म्हैसूर शहराच्या पश्चिम अंगास, कुक्करहळ्ळीच्या तळ्याजवळ, सरस्वतीपुरम नावाची एक वसाहत आहे. जवळच विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. त्याला मानसगंगोत्री हे नाव कन्नडचे महाकवी कुवेंपु यांनी दिले. अशा ठिकाणच्या वसाहतीला वाग्देवतेचे नाव असावे हे उचितच होय. नवरात्र आले म्हणजे म्हैसूरच्या घराघरांतून प्रथम पुस्तके मांडून सरस्वतीची पूजा होते, आणि नवमीस आयुधांची. त्या दिवशी केवळ तलवारीच नव्हेत, तर करवत, हातोडा, शिवणयंत्र, सायकल, मोटार या सर्वांना गंध-फूल मिळते. आपल्याकडील पाटीपूजन आणि खंडेनवमी यांचेच हे भावंड. वाणीची पूजा आणि यंत्राची पूजा या दोहोंत तेथे जेमतेम एकदोन दिवसांचे अंतर असते.

हे अंतर एका म्हैसूरकराने फार पूर्वीच मिटवले होते. १९३५ साली महाराजा कॉलेजातील प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपणयंत्र बसवून खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या घराचे नाव ‘विठ्ठल विहार’. ज्या विठ्ठलाला मराठी संतांनी ‘कानडा’ म्हटले त्याच्या नावाच्या घरातून हा आवाज निघाला, हा योग मराठी माणसाला सुखावणारा आहे. या केंद्रास पुढे ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले, आणि १९५७ पासून तेच नाव अखिल भारतीय नभोवाणीने स्वीकारले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की गोपालस्वामी हे काही अभियंते नव्हते. ते मानसशास्त्राचे अध्यापक होते. तारा, दिवे आणि चुंबके यांच्यापलीकडे ऐकणाऱ्या माणसाचे मन आहे, याची जाणीव त्यांच्या व्यवसायातच होती.

परंतु नभोवाणीचे यंत्र बोलते, ऐकत मात्र नाही. श्रोता कंटाळला, रडला किंवा झोपी गेला, तरी त्याचे बोलणे खंडित होत नाही. आज जगभरच्या विद्यार्थ्यांपुढे निराळेच आव्हान ठेवले जात आहे. बोलेल तसेच ऐकेल, पाहील, थांबेल आणि समोरच्या माणसाचा कल ओळखून वागेल असे यंत्र त्यांनी घडवावे, अशा स्पर्धा विद्यापीठांतून आणि शास्त्रीय परिषदांतून होऊ लागल्या आहेत. या स्पर्धांची मुळे कोठे आहेत आणि त्या तरुणांना काय शिकवतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ज्याला मराठीत आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो, त्याचे युरोपीय नाव ‘रोबो’ किंवा ‘रोबॉट’. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या एका नाटकात हा शब्द प्रथम अवतरला. तो सुचवला मात्र त्यांचे बंधू योसेफ यांनी. मूळ चेक शब्दाचा अर्थ ‘वेठ’ असा आहे. म्हणजे जन्माच्या वेळी यंत्रमानव हा वेठबिगार होता. त्याने ओझी वाहावीत, हुकूम पाळावा, एवढीच अपेक्षा होती. मराठी शब्दाने मात्र त्याच्या नावात ‘मानव’ घातला आणि अपेक्षा नकळत वाढवून ठेवली. वेठबिगाराला शिष्टाचार कोणी विचारत नाही. मानव म्हटले की उंबरठ्यावर थांबणे आले, समोरच्याचे ऐकून घेणे आले, आणि कोठे बोलू नये याचे भानही आले.

विद्यार्थ्यांच्या यंत्रस्पर्धेची कल्पना रुजवण्याचे श्रेय जपानचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांना दिले जाते. टोकियोच्या तंत्रविद्यापीठात १९८१ साली त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे एक कोडे टाकले: दोन साध्या बॅटरींच्या शक्तीवर चालणारी गाडी तयार करा, आणि तिच्यात माणूस बसला पाहिजे. अट गमतीची वाटते. पण तिच्यात शिक्षणशास्त्राचे मर्म आहे. शक्ती थोडी, भार मोठा, आणि भार म्हणजे जिवंत माणूस. १९८८ साली जपानच्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेने ही कल्पना उचलली आणि ‘रोबोकॉन’ या नावाने तांत्रिक महाविद्यालयांची स्पर्धा दूरचित्रवाणीवर आणली. २००२ मध्ये आशिया व प्रशांत महासागर विभागातील प्रक्षेपण संस्थांच्या संघाने टोकियो येथे पहिली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन भरवली. भारतात तिची राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या आश्रयाने होऊ लागली. यंत्रमानवांच्या या मेळ्याचे यजमानपद प्रक्षेपण संस्थांकडे असावे, ही गोष्ट गोपालस्वामींच्या घरातील त्या लहानशा यंत्राशी दूरचे नाते सांगणारी आहे.

महाराष्ट्राचा या स्पर्धेशी विशेष संबंध आला. राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे पुण्यास, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे. २००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धाही तेथेच झाली, आणि यजमान देशाने विषय निवडला तो ‘गोविंदा’चा. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी टांगलेल्या मडक्यांतील लोणी काढणारी यंत्रे घेऊन पुण्यास आले. ज्या खेळात खालच्या थरातील गड्याच्या खांद्यावर वरच्याचा सारा विश्वास असतो, त्याचे गणित त्यांना चाके, दट्टे आणि तारा यांच्या साहाय्याने मांडावे लागले. २०२२ साली दिल्लीच्या स्पर्धेचा विषय होता ‘लगोरी’. चकत्यांचा ढीग पाडणारे, तो पुन्हा रचू पाहणारे आणि चेंडू मारून त्यांना अडवणारे असे यंत्रांचे पक्ष होते. गल्लीतील धुळीचा हा खेळ अभियांत्रिकीच्या आराखड्यांत गेला, तेव्हा तो मुळात किती अवघड आहे याचा साक्षात्कार अनेकांना झाला असेल.

परंतु या सर्वांत मनोवेधक विषय होता तो २०१४ सालचा. त्या वर्षी बालेवाडीत जमलेल्या संघांना दोन दोन यंत्रे आणावयाची होती. एक पालक, दुसरे मूल. पालक यंत्र विद्यार्थ्याने हाताने चालवावयाचे आणि मूल यंत्राने आपले आपण वागावयाचे, असा नियम होता. पालकाने मुलाला उचलून खेळाच्या बागेत न्यावे, सी-सॉवर बसवावे, खांबांवरून चालू द्यावे, झोक्यावर झुलवावे, आणि शेवटी चढणीच्या सांगाड्यावर सोडावे. सारी कामे प्रथम पुरी करणारा संघ ‘शाबास’ या शब्दाने विजयी ठरे. येथे यंत्ररचनेची खरी कसोटी उचलण्यात नव्हती, सोडण्यात होती. मूल यंत्राचा पाय खांबावर नीट टेकण्यापूर्वी पालकाने हात काढला, तर ते कोसळणार. हात उशिरा काढला, तर वेळ गेलाच. कित्येक महिने रात्रंदिवस खपून केलेले काम अवघ्या तीन मिनिटांच्या सामन्यात तोलले जाई. जे कोणत्याही आईबापांना मुलाची सायकल सोडताना कळते, तेच या विशीतील मुलामुलींना लोखंडाच्या मुखाने कळले.

तरीही या मैदानी स्पर्धेची एक मर्यादा आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. मैदान आखलेले असते, रेषा पांढऱ्या असतात, मडके कोठे टांगले आहे हे आधी ठाऊक असते. घर तसे नसते. घरात चटई सरकलेली असते, दारात चपला असतात, मूल मध्येच धावते, आणि आजोबा ‘ते जरा इकडे आण’ म्हणतात तेव्हा ‘ते’ म्हणजे काय हे त्यांच्या नजरेवरून ओळखावे लागते. म्हणूनच २००६ साली जर्मनीतील ब्रेमेन येथे, यंत्रमानवांच्या फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘रोबोकप’ स्पर्धेत, घरगुती यंत्रांची एक नवी शाखा सुरू झाली. तेथे दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मांडलेले असते. माणसाच्या मागोमाग चालणे, त्याला गर्दीत ओळखणे, सांगितलेली वस्तू शोधून आणणे, अशा परीक्षा असतात. माणूस व यंत्र यांच्या परस्परव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या परिषदांनीही विद्यार्थ्यांसाठी आराखड्यांच्या स्पर्धा ठेवल्या. वेग आणि बळ यांना येथे दुय्यम स्थान आहे.

या नव्या परीक्षेत विद्यार्थ्यांना ज्या अडचणी भेटतात, त्या ऐकण्यासारख्या आहेत. पहिली अडचण अंतराची. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली दाखवून दिले, की प्रत्येक माणसाभोवती एक अदृश्य कुंपण असते. परिचितांशी बोलताना त्याच्या देशबांधवांचे हे अंतर सुमारे अर्ध्या मीटरपासून सव्वा मीटरपर्यंत असते, आणि समाजासमाजागणिक ते बदलते. यंत्र फार जवळ आले तर माणूस मागे सरतो. फार दूर राहिले तर ते आपल्याशी बोलत आहे असे त्याला वाटतच नाही.

दुसरी अडचण विरामाची. दोन माणसांच्या संभाषणात एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत साधारणतः सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अगदी भिन्न अशा दहा भाषांत हे मान थोड्याफार फरकाने सारखेच आढळले. यंत्र मात्र ऐकते, शब्द लावते, अर्थ शोधते आणि मग उत्तर देते. तेवढ्यात दोन सेकंद जातात, आणि समोरचा माणूस आपले काही चुकले की काय म्हणून तेच वाक्य मोठ्याने पुन्हा बोलतो.

तिसरी अडचण भाषेची. म्हैसूरच्या एका घरात कन्नडचे वाक्य इंग्रजीत संपते. पुण्यात मराठीचे तसेच होते. बेळगावात मराठी आणि कन्नड एकाच श्वासात येतात. लहान मुलाचे बोबडे बोल, दात गेलेल्या आजीचे उच्चार, गावची बोली, यांपुढे प्रमाणभाषेवर पोसलेले यंत्र गोंधळते.

यंत्रास रूप कोणते द्यावे, हा प्रश्न वेगळाच आहे. आणि येथे पुन्हा मोरी यांचीच आठवण होते. १९७० साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात त्यांनी म्हटले होते, की यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते, तसतशी त्याच्याविषयी आपुलकी वाढते. पण ते जवळजवळ माणसासारखे झाले आणि किंचित उणे राहिले, की आपुलकीच्या जागी एकदम शिसारी येते. आपुलकीच्या चढणीवरील ही दरी ओळखणाऱ्या माणसानेच पुढे विद्यार्थ्यांची स्पर्धा उभी केली. म्हणून जाणते विद्यार्थी यंत्राला माणसाचा चेहरा देत नाहीत. दोन ठिपक्यांचे डोळे आणि मानेची थोडी हालचाल पुरते. लाकडी ठकीला आपल्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला, त्यास नाकडोळ्यांचे हुबेहूबपण लागले नाही.

आता जो प्रश्न उरतो तो सर्वांत गंभीर आहे. १९६६ साली अमेरिकेत योसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्नरूपाने परत देई. त्यास समज काहीच नव्हती. तरीही त्यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी, थोडा वेळ त्याच्याशी संभाषण केल्यावर, ‘आपण जरा खोलीबाहेर जाता का?’ असे त्यांस विनविले. वायझेनबाउम यांना या प्रसंगाने अस्वस्थ केले. ऐकले जावे ही माणसाची भूक एवढी मोठी आहे, की ऐकल्याचा आभासही तिला पुरतो. आज जपानमध्ये तयार झालेले ‘पारो’ नावाचे, सीलच्या पिलासारखे मऊ यंत्र वृद्धाश्रमांतून रुग्णांच्या मांडीवर बसते, आणि कित्येकांना त्याने शांतता लाभते. ही शांतता खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ते यंत्र मांडीवर ठेवून मुलगा निश्चिंतपणे परगावी राहू लागला, तर दोष यंत्राचा नव्हे. स्पर्धेच्या परीक्षकांनी म्हणूनच प्रत्येक आराखड्याला एक प्रश्न विचारावा: हे यंत्र माणसाला दुसऱ्या माणसाकडे नेते, की त्याच्यापासून दूर?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सरस्वतीपुरमच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. मानसगंगोत्रीच्या परिसरात १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची वाचा अडखळते, ज्यांना बोलता येत असूनही बोलावेसे वाटत नाही, अशी मुले देशभरातून तेथे येतात. मुलाच्या ओठांतून एक अक्षर निघावे म्हणून तेथे शिकवणारी व्यक्ती किती वेळ गप्प बसून वाट पाहते, हे ज्याने पाहिले, त्याला यंत्राने कोठे थांबावे हे कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक कळेल. अशा मुलासाठी यंत्र घडवावयाचे तर ते न थकणारे असावे. शंभराव्या वेळीही त्याच स्वरात ‘पुन्हा म्हण’ म्हणणारे असावे. पण मुलाचा पहिला शब्द निघाला, की त्याने मान वळवून आईकडे पाहावे, म्हणजे मूलही तिकडेच पाहील.

असे यंत्र ज्या विद्यार्थ्याच्या हातून घडेल, त्यास पारितोषिक मिळो वा न मिळो. येत्या नवरात्रात ते यंत्र आयुधांच्या चौरंगावर मांडावे, की सरस्वतीपुढे पुस्तकांच्या शेजारी, एवढाच प्रश्न त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांना पडेल.