लिनक्ससाठीं लॅपटॉप घेतांना



लॅपटॉप घेणारा मनुष्य किंमत पाहतो, पडदा पाहतो आणि ग्राफिक्स कार्ड जितकें मोठें तितकें बरें, असें समजून पैसे मोजतो. ज्यास त्यावर लिनक्स चालवावयाचें आहे, त्यानें मात्र आणखी एक प्रश्न विचारावा : या कार्डाचा ड्रायव्हर कोणाच्या हातीं आहे? ड्रायव्हर म्हणजे कार्ड व प्रणाली यांमधील दुभाषी. मेजावरील संगणकाचें कार्ड पुढें बदलतां येतें. लॅपटॉपमध्यें तें बहुधा मदरबोर्डावर कायमचें डाखलेलें असतें.

इंटेल व एएमडी यांचे दुभाषी लिनक्सच्या गाभ्यांतच, म्हणजे कर्नेलमध्यें, नांदतात. एएमडीचा आजचा ड्रायव्हर २०१५ सालीं कर्नेलच्या ४.२ या आवृत्तींत आला. त्याचा कोड सर्वांस खुला असल्यामुळें कंपनीचें लक्ष उडालें, तरी इतरांस तो सांभाळतां येतो. एनव्हिडियाची रीत निराळी. तिनें आपला ड्रायव्हर दीर्घकाळ कुलपांत ठेविला. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनीं २०१२ सालीं फिनलंडमध्यें भर सभेंत त्या कंपनीस जे शब्द ऐकविले, ते येथें उच्चारण्याजोगे नाहींत! २०२२ सालीं तिनें कर्नेलमध्यें बसणारा भाग खुला केला. पण तो ट्युरिंग व त्यापुढील पिढ्यांपुरताच. २०१६ सालीं निघालेल्या पास्कल पिढीचा आधार ५८० क्रमांकाच्या शाखेशीं थांबला. स्वयंसेवकांनीं रचिलेला ‘नूव्हो’ ड्रायव्हर आहे खरा. परंतु कंपनीच्या स्वाक्षरीवांचून फर्मवेअर चालत नसल्यामुळें त्याला तीं कार्डें पुऱ्या वेगानें चालवितां येत नाहींत. पोटास चिमटा घेऊन मुलासाठीं घेतलेलें यंत्र धडधाकट असूनही असें पोरकें होतें.

कित्येक लॅपटॉपांत दोन कार्डें असतात : इंटेलचें किंवा एएमडीचें लहान, आणि जोडीला एनव्हिडियाचें मोठें. त्यांतील कांहींत एचडीएमआय पोर्ट मोठ्या कार्डासच जोडलेला असतो. ड्रायव्हर रुसला कीं प्रोजेक्टर काळोखांत आणि मास्तर फळ्यापाशीं! ज्यांचें काम ‘कूडा’वांचून अडतें, त्यांनीं एनव्हिडिया अवश्य घ्यावें, लिहिणें, वाचणें, चित्रें पाहणें एवढ्यासाठीं हा खटाटोप मला अनाठायीं वाटतो.

एएमडी किंवा इंटेलची नुकतीच बाजारांत आलेली चिप असेल, तर कर्नेलही नवें लागतें. जुन्या कर्नेलला तिची ओळख नसते. म्हणून दुकानांत जातांना पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा फेडोरा घेऊन जावें. यंत्र त्यावरून सुरू करून पडद्याचा उजेड कमीजास्त करावा, झांकण मिटून पुन्हां उघडावें, बाहेरचा पडदा जोडून पाहावा. पंधरा मिनिटें पुरतात. दुकानदार एवढ्यासही नकार देईल, तर दुसरें दुकान गांठावें.