संगणकाचा वेग आणि रॅमचा भरवसा



या व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय आणि अर्थकारण यांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे होत असतात. त्या मानाने आमचा विषय अगदी घरगुती आहे. टेबलावरच्या संगणकातली रॅम जास्त वेगाने चालवली की तो कधी कधी बेभरवशाचा का होतो, आणि तो दोष शोधावा कसा, एवढेच आम्ही सांगणार आहोत. आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. मग ही उठाठेव आम्ही का करावी? कारण आज सभासदांच्या याद्या, थकलेल्या पगाराचे तक्ते आणि ग्रॅच्युइटीचे हिशेब या यंत्रातच असतात. आपल्यापैकी दुकानदारांच्या उधारीच्या वह्या आणि पतपेढ्यांची खातीही आता तेथेच आहेत. ज्या यंत्रावर दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब अवलंबून आहे, ते खरे बोलते की खोटे हे पाहणे आपले काम आहे.

प्रथम रॅम म्हणजे काय ते पाहू. संगणक जे काम हाती घेतो ते रॅममध्ये मांडतो, आणि वीज गेली की ते सारे पुसले जाते. रॅमच्या ज्या प्रकाराने आज आपले संगणक चालतात त्याची मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड याची. १९६८ साली तिचे पेटंट त्याला मिळाले. एका बारीकशा कपाटात विजेचा कण साठवायचा. कण असला तर एक, नसला तर शून्य. अशी अब्जावधी कपाटे एका स्टिकमध्ये असतात. पण हे कपाट गळके आहे. फुटक्या रांजणात पाणी टिकावे म्हणून पुनःपुन्हा ओतावे, तशी प्रत्येक कपाटातली वीज ठराविक काळाने पुन्हा भरावी लागते. आजच्या डीडीआर५ जातीच्या रॅममध्ये ही फेरी साधारण ३२ मिलिसेकंदांत पुरी होते, म्हणजे सेकंदाला सुमारे तीस वेळा. उष्णता वाढली की गळती वाढते, हे येथेच लक्षात ठेवावे.

आता वेग. खोक्यावर ६००० असा आकडा असतो. याचा अर्थ असा की रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६०० कोटी वेळा निरोप जातो. एका निरोपाला मिळणारा वेळ इतका अल्प की तेवढ्यात प्रकाशाचा किरणसुद्धा फार तर ५ सेंटिमीटर जातो. इतक्या घाईत निरोप नीट पोहोचायचा तर रॅमची स्टिक, मदरबोर्डावरच्या तारा आणि प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग या तिघांचेही जमले पाहिजे. तिघांत जो सर्वांत अशक्त, त्याच्या बेताने साऱ्यांनी चालायचे.

खोक्यावरचा आकडा हे वचन आहे, पण ते कोणाचे? जेडेक नावाची संस्था रॅमची प्रमाणे ठरवते. डीडीआर५ चे प्रमाण तिने २०२० च्या जुलैत प्रसिद्ध केले. त्यात विजेचा दाब १.१ व्होल्ट धरला आहे. नवी स्टिक लावली की ती बहुधा ४८०० किंवा ५६०० अशा प्रमाण वेगाने चालू लागते. त्याहून जास्त वेग हवा तर बायोसमध्ये जाऊन एक कळ चालू करावी लागते. इंटेलने २००७ साली आणलेल्या अशा सोयीचे नाव एक्सएमपी, आणि एएमडीने २०२२ साली आणलेल्या सोयीचे नाव एक्स्पो. ही कळ दाबली की वेग चढतो आणि दाबही चढतो. ६००० च्या कित्येक स्टिकना १.३५ व्होल्ट द्यावे लागतात. स्टिक बनवणारा म्हणतो, आमचा माल या वेगाने चालतो. पण प्रोसेसर बनवणाऱ्याने एवढे वचन दिलेले नसते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या कागदावर दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा आकडा आहे, आणि त्यापलीकडे चालवल्यास हमी जाईल असेही लिहिलेले आहे. जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरांत असतो आणि ही अट बारीक अक्षरांत.

आम्हांला यात जुनी ओळख पटते. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. एका माणसाने अधिक माग सांभाळावेत ही योजना त्यामागच्या कारणांत प्रमुख होती. माग किती वेगाने फिरतो हे मागवाल्याला ठाऊक. पण सूत कसे आहे, खात्यात उकाडा किती आहे, हे तेथे उभ्या असलेल्या माणसालाच कळते. सूत तुटू लागले की दोष मात्र प्रथम माणसाच्या माथी येतो.

संगणकातही नेमके तेच होते. रॅमला वेग झेपेनासा झाला की यंत्र निळा पडदा दाखवून बंद पडते, एखादा कार्यक्रम अकस्मात मिटतो, किंवा झिप केलेली फाइल पुन्हा उघडत नाही. हे दोष त्रासदायक खरे, तथापि ते ओरडून सांगणारे आहेत. भय आहे ते न ओरडणाऱ्या दोषाचे. ८००० हा आकडा यंत्राच्या शून्य-एकाच्या भाषेत मांडला आणि त्यातले एकच घर उलटले, तर त्याचे ३९०४ होऊ शकतात. पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही. अशा चुका ओळखून दुरुस्त करण्याची रीत बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग याने १९५० साली प्रसिद्ध केली, आणि मोठ्या सर्व्हरांत तशी रॅम वापरतात. आपल्या टेबलावरच्या बहुतेक संगणकांत ती नसते. डीडीआर५ मध्ये दुरुस्तीची सोय आहे असे दुकानदार सांगतात. ती आहे, पण चिपच्या पोटात. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत निरोप बिघडला तर ती उपयोगी पडत नाही. आणि वेग वाढवला की बिघाड होतो तो बहुतेक त्या वाटेतच.

आमच्या एका कार्यालयात असे घडले. दुपारच्या वेळी संगणक बंद पडे, आणि थकबाकीच्या तक्त्यात दोनदा भलतेच आकडे निघाले. नोंदी करणाऱ्या मुलीवर सर्वांचा रोख गेला. हिचे लक्ष नसते, असे चारचौघांत बोलले गेले. दुकानदाराने व्हायरसचे नाव घेऊन दोनदा विंडोज नव्याने भरले आणि दोन्ही वेळा पैसे घेतले. वस्तुतः त्यानेच काही महिन्यांपूर्वी दोन स्टिकच्या जोडीला दुसरी जोडी लावून चारही स्टिक ६००० वर चढवल्या होत्या. माणसावर आरोप ठेवण्याआधी चौकशी करावी ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण. म्हणून आम्ही यंत्राचीच चौकशी मांडली. तिचा क्रम आपल्यालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि जुनी प्रत मात्र पुसू नये. कारण बिघडलेल्या यंत्रातून घेतलेली नवी प्रतही बिघडलेली असू शकते. दुसरी गोष्ट, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करावे. संगणक बायोसपर्यंतही पोहोचत नसेल तर मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सीमॉस पुसावे, म्हणजे तो मूळ स्थितीवर येतो. त्यानंतर पहिल्यांदा चालू होताना डीडीआर५ चा संगणक कधी कधी काही मिनिटे काळाच राहतो. तो मेलेला नसतो. रॅमशी आपले सूत जुळवत असतो. अशा वेळी घाईने बटण दाबून तो बंद करू नये.

आता मुख्य प्रश्न विचारावा: प्रमाण वेगावर दोष राहतो की जातो? यासाठी मेमटेस्ट८६+ नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा आणि रात्रभर तपासणी चालू द्यावी. प्रमाण वेगावरही चुका निघाल्या तर प्रत्येक स्टिक एकेकटी, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवून तपासावी. चूक एकाच स्टिकमागे फिरत असेल तर ती स्टिक हमीत परत करावी. एकाच खाचेत दिसत असेल तर खाचेकडे, मदरबोर्डाकडे आणि प्रोसेसरच्या बैठकीकडे पाहावे. प्रमाण वेगावर मात्र सारे स्वच्छ असेल, तर माल बहुधा चांगला आहे आणि वेग जास्त आहे असे समजावे.

मग चढण हळूहळू चढावी. ५२००, ५६००, ६००० अशा पायऱ्या घ्याव्यात; एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. एक चूक म्हणजे नापास. हजारांत एकच, असे म्हणून सोडू नये. तपासणीत चूक निघाली तर दोष नक्की. पण चूक निघाली नाही म्हणजे दोष नाही, असे मात्र नव्हे. म्हणून नेहमीचे जड कामही दिवसभर करून पाहावे, आणि तेही भर उन्हाळ्यातल्या दुपारी, खोके बंद ठेवून. पौषातल्या पहाटे पास झालेले यंत्र वैशाखात नापास होऊ शकते.

बायोसची नवी आवृत्ती घेतल्यानेही पुष्कळदा गुण येतो. ती भरण्यापूर्वी मात्र रॅम प्रमाण वेगावर आणावी आणि यूपीएसची जोड घ्यावी. निम्म्यावर वीज गेली तर मदरबोर्डच निकामी व्हायचा. विजेचा दाब वाढवून वेग पेलवण्याचा मोह पुष्कळांना होतो. २०२३ साली काही रायझन प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या, आणि एएमडीने त्यांच्या एका भागाच्या दाबाला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जो कामगार थकला आहे त्याला चहा पाजून आणखी एक पाळी करायला लावावी, तसाच हा उपाय आहे.

आमच्या चौकशीचा निकाल असा लागला. चार स्टिक ६००० वर असताना अर्ध्या तासात चुकांची रांग लागली. प्रमाण वेगावर एकही चूक नाही. दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे चांगल्या होत्या, पण त्या एकत्र तपासून विकलेल्या नव्हत्या. खोक्यावरचे नाव एकच असले तरी दोन खोक्यांतला माल एकत्र नांदेलच असे नाही. आम्ही एक जोडी काढली आणि उरलेली प्रोसेसरच्या कागदावरच्या वेगाने ठेवली. बंद पडणे थांबले. तक्ता हाताने लिहिलेल्या मस्टरशी ओळीगणिक ताडून दुरुस्त केला. त्या मुलीने केलेल्या मूळ नोंदींच्या सह्या केलेल्या छापील प्रती फायलीत होत्या, आणि त्यांत आकडे बरोबर होते. ज्या बैठकीत तिला बोल लावला गेला होता, त्याच मंडळींच्या बैठकीत आम्ही हा निकाल वाचून दाखवला.

मग वेग नकोच का, असे कोणी विचारील. तसे आमचे म्हणणे नाही. खेळ खेळणाऱ्या मुलाला किंवा चित्रफिती जोडणाऱ्याला वेगाचा लाभ होतो, आणि तपासून घेतलेला वेग त्याने खुशाल वापरावा. पण पत्रे लिहिणाऱ्या आणि तक्ते मांडणाऱ्या माणसाला ५२०० आणि ६००० यांतला फरक सहसा जाणवतही नाही. जो लाभ जाणवत नाही, त्यासाठी हिशेबाचा भरवसा पणाला का लावावा? संगणक विकत घेताना रॅम कोणत्या वेगावर ठेवली आहे ते बिलावर लिहून मागावे, रात्रभराच्या तपासणीचा पडदा दाखवायला सांगावे, आणि मोबदल्याचे किंवा पगाराचे आकडे ज्यात आहेत त्या कागदाची छापील प्रत जपून ठेवावी. ज्याला आपले म्हणणे कागदाने सिद्ध करता येते, त्याच्यावर यंत्राचा दोष लादता येत नाही.