बंद की उघडे? टाळेबंदीच्या वादातून घ्यावयाचा बोध

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कोरोनाची साथ ओसरली, त्याला आता काही वर्षे झाली. मुखपट्ट्या कपाटाच्या तळाशी गेल्या. परंतु त्या काळात समाजात जो वाद माजला, तो विसरून चालणार नाही, असे आम्हांस वाटते. टाळेबंदी पाळावी की झुगारावी, निर्बंध ठेवावेत की उठवावेत, यावरून भावाभावांत आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला धरला गेला. एका पक्षाने दुसऱ्यास बेजबाबदार म्हटले, दुसऱ्याने पहिल्यास भित्रा म्हटले. आमच्या मते या दोन्ही शब्दांनी मूळ प्रश्न झाकला गेला. मूळ प्रश्न असा होता की, निर्बंधांची किंमत कोण मोजतो आणि निर्बंध ठरविताना त्या माणसाला कोणी विचारतो काय?

प्रथम घटनाक्रम पाहू. 22 मार्च 2020 रोजी जनता कर्फ्यू झाला. 24 मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्रीपासून लागू झाली. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाला तयारीसाठी जेमतेम चार तास मिळाले. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा भरलेला होता, त्याला चार तास पुरले. जो नाक्यावर उभा राहून रोजचे काम मिळवतो, त्याला चार दिवसही पुरले नसते. 14 एप्रिलला मुदत वाढविली गेली आणि त्याच दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी उसळली. 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. जालन्याहून ते पायी निघाले होते. त्यांनी नियम मोडला, असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी म्हणावे. आम्ही एवढेच विचारू, नियम पाळून जगण्याची कोणती वाट त्यांच्यापुढे मोकळी होती?

हा वाद आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. 2020 साली राज्य सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो 1897 सालचा, म्हणजे मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. त्या वेळी पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या हुकुमाने गोरे सोजीर घरांत घुसून झडत्या घेत होते. लोक चिडले आणि 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साली, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. एकाच शहरात सरकारची सक्ती होती, तिच्याविरुद्ध हिंसा होती आणि निमूटपणे केलेली रुग्णसेवाही होती. सक्तीने रोग हटला नाही आणि हिंसेनेही हटला नाही. रोग्याला मात्र त्याही काळी माणसाचाच हात लागला.

आता दोन्ही पक्षांचे म्हणणे पाहू. बंद ठेवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. 18 एप्रिल 2021 रोजी एकट्या महाराष्ट्रात एका दिवसात 68 हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. खाटा मिळेनात, प्राणवायू मिळेना. अशा वेळी गर्दी रोखली नसती तर काय झाले असते, हे सांगावयास नको. उघडा म्हणणाऱ्यांचेही म्हणणे खोटे नव्हते. दुकान बंद राहिले तरी गाळ्याचे भाडे थांबत नाही. हप्ता पुढे ढकलला तरी त्यावरचे व्याज थांबत नाही. एप्रिल 2021 मध्ये 'ब्रेक द चेन' या नावाने निर्बंध आले, तेव्हा ठिकठिकाणचे व्यापारी रस्त्यावर उतरले, ते काही साथीवर प्रेम होते म्हणून नव्हे.

आम्ही बँकेत लिपिक आहोत. बँक ही अत्यावश्यक सेवा ठरल्यामुळे आमचे काम थांबले नाही आणि पगारही थांबला नाही. ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होत होता, त्यांना टाळेबंदीची बाजू घेणे सोपे होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. एप्रिल 2020 मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा 500 रुपये याप्रमाणे तीन महिन्यांचे साहाय्य यावयास सुरुवात झाली. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून पैसे काढण्याचे दिवस ठरविले होते. 0 आणि 1 वाल्यांनी 3 एप्रिलला यावे, 2 आणि 3 वाल्यांनी 4 एप्रिलला, अशी ती रीत. योजना शहाणपणाची होती. परंतु आमच्या काउंटरसमोर आलेल्या कितीतरी आयाबहिणींना आपल्या पासबुकातला शेवटचा अंक वाचता येत नव्हता. पैसे आज काढले नाहीत तर परत जातील, अशी धास्तीही त्यांच्या मनात होती. रांगेतले अंतर मोडले, ते त्या धास्तीमुळे. बाहेरून पाहणारा म्हणे, "बघा, या लोकांना शिस्त नाही." आम्ही काचेच्या आतून पाहत होतो. तेथे शिस्तीपेक्षा माहितीचा तुटवडा अधिक दिसत होता. ज्या दिवशी फाटकाशी उभे राहून कोणी समजावून सांगितले, त्या दिवशी तीच रांग सरळ झाली.

दुसऱ्या लाटेत, 13 एप्रिल 2021 रोजी, राज्य सरकारने निर्बंधांबरोबरच 5,476 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरकामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी 1,500 रुपये, गरजूंना मोफत शिवभोजन थाळी आणि रेशनवर एक महिना धान्य, असे त्याचे स्वरूप होते. 2020 च्या मानाने हे एक पाऊल पुढे होते, कारण बंदच्या हुकुमाबरोबरच भाकरीचा विचार झाला. परंतु बंधूंनो, 'नोंदणीकृत' आणि 'परवानाधारक' हे शब्द नीट ऐका. ज्याची नोंदणी नाही, त्याची भूक कमी असते काय? आपल्या वस्त्यांतील किती बिगारी, किती धुणेभांडी करणाऱ्या भगिनी कागदावर होत्या?

देवळांवरूनही असेच झाले. 31 ऑगस्ट 2020 रोजी ॲड. प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली विठ्ठल मंदिर खुले करावे म्हणून पंढरपुरात आंदोलन झाले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि वाद देशभर गाजला. धार्मिक स्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, पाडव्याच्या दिवशी उघडली. त्याच वर्षी आपण 14 एप्रिलची जयंती घरातच साजरी केली आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर न जाता घरूनच अभिवादन केले. म्हणजे आपल्याही समाजात दोन मते होती. कोणी म्हणत होते की, माणसे जगली तर उत्सव पुढल्या वर्षी होतील. कोणी म्हणत होते की, दारूचे दुकान 4 मे 2020 ला उघडू शकते, मग देवळाबाहेर फुले विकणाऱ्याने किती महिने उपाशी राहावे? हा दुसरा प्रश्न श्रद्धेचा नाही, न्यायाचा आहे. त्याला उत्तर द्यावयास हवे होते. पुष्कळदा उत्तराऐवजी चेष्टा मिळाली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे नुकसान तर सर्वांत लांबले. मार्च 2020 मध्ये बंद झालेल्या शाळा मधल्या काळात कोठे उघडल्या, पुन्हा मिटल्या. 4 ऑक्टोबर 2021 पासून शहरांत आठवी ते बारावीचे आणि खेड्यांत पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. ज्या घरात एकच मोबाईल आणि तीन मुले, त्या घरात शाळा खरोखरच बंद होती. जानेवारी 2022 मध्ये शाळा पुन्हा बंद करण्याचा हुकूम निघाला. त्या वेळी मात्र पालक, शिक्षक आणि तज्ज्ञ मंडळी बोलली. त्यांनी कोणाची डोकी फोडली नाहीत. मुलांचे काय नुकसान होत आहे, हे मांडले. 24 जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती पाहून शाळा उघडण्यास परवानगी मिळाली. लोकांनी कारणे दिली आणि सरकारला निर्णय बदलावा लागला. लोकशाहीतील वाद असाच व्हावयास हवा.

यावरून आम्ही एवढेच म्हणू इच्छितो की, नियम पाळणे आणि नियमाला प्रश्न विचारणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच नागरिकाची आहेत. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेबांनी बजावले होते की, घटनात्मक मार्ग खुले असताना बेकायदा मार्गांचे समर्थन करता येणार नाही. यातील दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. घटनात्मक मार्ग खुले आहेत, याचा अर्थ ते वापरावयाचे आहेत. निवेदन द्यावे, सभा घ्यावी, न्यायालयात जावे. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला, तो कोणीतरी हा मार्ग वापरला म्हणूनच. लस घ्यावी हे आमचे मत आहे. ती आम्ही घेतली आहे. परंतु समजावणे आणि सक्ती करणे यांत फरक आहे.

उद्या पुन्हा साथ आली, तर प्रत्येक निर्बंधाला तीन प्रश्न विचारावेत. याचे कारण काय? याची मुदत किती? आणि ज्याची रोजी बुडणार त्याची सोय काय? या तिन्हींची उत्तरे मिळत असतील, तर घरात बसावे आणि शेजाऱ्यालाही बसवावे. उत्तरे मिळत नसतील, तर मुखपट्टी लावूनच, अंतर राखूनच, पण मोठ्या आवाजात ती मागावीत.

राज्यातील निर्बंध 1 एप्रिल 2022 पासून उठले. पुढच्या साथीची तयारी मात्र आजच करावयास हवी. तरुणांनो, आपापल्या वस्तीत घरोघरी जा. कोणाचे रेशनकार्ड नाही, कोणत्या घरकामगार भगिनीची नोंदणी नाही, कोणाला पासबुक वाचता येत नाही, याची यादी करा. अर्ज भरून द्या. रविवारचा एक तास या कामी पुरेसा आहे. बँकेच्या कागदपत्रांत अडचण आली तर आम्ही हजर आहोत.