मुलांच्या मनाची तपासणी
(महोत्सवी सभेत एका प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाने केलेले भाषण)



पुढील वर्षापासून शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतच प्रत्येक मुलाच्या मानसिक व वर्तनविषयक अडचणींची प्रश्नावली भरून घ्यावी, असा विश्वस्तांचा विचार असल्याचे मला कळले. हेतू अतिशय चांगला आहे. तरीही थोडा विरोध करण्यासाठी मी उभा आहे. आपण तो गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. वह्या नीटनेटक्या, आवाज कधी ऐकू येत नसे. तिच्या प्रगतिपुस्तकात मी मोठ्या समाधानाने 'स्वभाव शांत' असे लिहिले. त्याच वर्गात दंगा करणारी चार मुले होती आणि माझे सारे लक्ष त्यांनी खाल्ले होते. वर्षाअखेरीस तिची आई शाळेत आली आणि दारातच थांबून म्हणाली, "सर, तिना जीव घाबरस." मुलीला रात्र रात्र झोप नव्हती, सकाळी पोट दुखे, शाळेच्या वाटेवर उलटी होई. घरी मात्र सर्वांना हे सहा महिने ठाऊक होते. अशा वेळी आम्हा मुसलमानांच्या घरी तावीज बांधतात, शेजारच्या घरी भगताला बोलावतात. नजर लागली याविषयी मात्र दोघांचेही एकमत असते! ते आपल्या समजुतीप्रमाणे काही तरी करीत तरी होते. मी काहीच केले नव्हते, कारण मला काही दिसलेच नव्हते.

ही केवळ माझी कहाणी नाही. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट या बेटावर 1964-65 च्या सुमारास मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. आईबापांना एक प्रश्नावली, शिक्षकांना दुसरी. दोन्हींत अडचणीची म्हणून निघालेली मुले पुष्कळ अंशी निरनिराळी होती! घर एक पाहते, शाळा दुसरे पाहते.

आपण जी प्रश्नावली योजली आहे, ती रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेली. तीत 25 विधाने आहेत. भीती व उदासी, वर्तन, चंचलपणा आणि सोबत्यांशी संबंध या चार गटांतील वीस विधानांची बेरीज होते. पाचवा गट मुलाच्या चांगुलपणाचा आहे, तो बेरजेत धरीत नाहीत. पालक, शिक्षक आणि अकरा वर्षांवरील मुलगा स्वतः, असे तिघेही ती भरू शकतात. तेव्हा माझी पहिली विनंती ही, की एकट्या शिक्षकावर विसंबू नये. आणि दुसरी, आईला कागद देऊन मोकळे होऊ नये. डिंडोलीतील आपली पुष्कळ घरे धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. छापील पुस्तकी मराठीतील वाक्य वाचून आई मान हलवील. तोच प्रश्न अहिराणीत, टिकल्या चिकटवायच्या साडीपाशी बसून विचारला तर ती अर्धा तास बोलेल.

आता थोडे गणित, मी शिक्षक आहे म्हणून. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वर्षांच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. म्हणजे शंभरांत सुमारे सात. समजा, आपल्या चाळणीने सातांपैकी पाच पकडले आणि उरलेल्या त्र्याण्णवांपैकी चौदाही चुकून अडकले. हाती एकोणीस नावे आली. खरी पाच, आणि दोन निसटलीच. आता ही एकोणीस नावे शिष्यवृत्तीच्या फाइलीत राहणार, फाइल कार्यालयातील टेबलावर. आपल्या गल्ल्यांत बातमी किती वेळात फिरते, हे मी सांगायला नको. उद्या त्या मुलीचे लग्न ठरवताना कोणी तरी ती फाइल आठवील. शिवाय पैसे आणि प्रश्नावली एकत्र आली, की बाप सर्व रकान्यांत 'सर्व ठीक' असेच लिहिणार. मीही लिहिले असते.

म्हणून अर्ज वेगळा, प्रश्नावली वेगळी, पालकांची संमती घेऊनच, कागद कुलपात. आणि मुख्य म्हणजे, पुढे कोणाकडे पाठवायचे हे ठरल्याशिवाय एकही कागद भरू नये. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत शिकण्यातील व लक्ष न लागण्याच्या अडचणीही आहेत. सुरतेत नव्या सिव्हिल रुग्णालयात आणि स्मीमेरमध्ये मानसोपचार विभाग आहेत. 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानसची विनामूल्य सेवा आहे. सोयी नाहीत असे नव्हे. परंतु लूम्सवर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाला रुग्णालयात जायचे म्हणजे खाडा, आणि एका भेटीत काम होत नाही. त्या मुलीचे वडील दोनदा गेले, तिसऱ्यांदा नाही गेले. नंतर एका शेजारणीने तिला नेले. ती सावकाश सुधारली, पण तिचे ते वर्ष गेले.

तेव्हा प्रश्नावलीच्या छपाईवर जो खर्च धरला आहे, त्यातून प्रथम त्या खाड्याची भरपाई आणि सोबत जाणाऱ्या बाईचे रिक्षाभाडे द्यावे, अशी माझी सूचना आहे. विचारपूस करण्यासाठी रविवारी सकाळी दोन तास बसण्यास मी तयार आहे. अहिराणी बोलणारी एखादी भगिनी सोबत हवी. सभागृहामागची वह्या ठेवायची खोली चालेल. तिला दार तेवढे बसवून घ्यावे.